तुझी ती शांत खाडी

कोळीवाडा, गोराई
रविवार, ता. ११ ऑगस्ट १९८५

चि. हरेश्वर यास,
मथुराताईचा आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. कितपत खुशाल आहे ते पुढे वाच. चंदर बरा आहे. माझा गुडघा दर पावसात धरतो तसा धरला आहे. मागच्या पडवीची कौलं दोनदा परतून झाली तरी गळतंच. यंदा अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पुनव महिनाभर लांबली, त्यामुळे होड्या अजून झापांखाली झाकलेल्या आहेत आणि आम्ही बायका बोरिवलीच्या बाजारात जवळा नि सुके बोंबील घेऊन बसतो आहोत.

तुझं पार्सल मिळालं. तपकिरी स्वेटर, बिस्किटांचा डबा आणि खाडीचा फोटो. चंदरने स्वेटर एकदा अंगाला लावून पाहिला आणि घडी करून ठेवून दिला. गोराईत स्वेटर घालून माणसाने करायचं तरी काय रे? बिस्किटं शेजारच्या पोरांना वाटून टाकली. फोटो तेवढा ठेवला आहे. समोर उभा करूनच लिहायला बसले आहे, म्हणजे लिहिता लिहिता राग निवायला नको.

छान आहे हो तुझी खाडी. तीन बाजूंनी डोंगर, पाणी तेलासारखं स्थिर, काठाला सात-आठ पांढरी घरं. आणि मधोमध ती सात अजस्र जहाजं एकमेकांना दोरखंडांनी बांधून उभी. मालकांना वाहायला माल मिळत नाही, म्हणून जहाजं स्कॉटलंडच्या या खाडीत आणून ठेवली आणि तुम्हा पाच जणांना राखणीला बसवलं, हे तू मागच्या वर्षीच कळवलं होतंस. तेव्हा मला तुझी दया आली होती. एवढ्या मोठ्या लोखंडात पाच माणसं, बोलायला कोणी नाही, थंडी, पाऊस. मी गावदेवीला नारळ बोलले होते तुझ्यासाठी. तो फेडला नाही आणि फेडणारही नाही.

नोव्हेंबरपासून तुझी सहा पत्रं आली. सहाही माझ्यापुढे आहेत. डिसेंबरच्या पत्रात तिथला पाऊस आणि डोंगरावरच्या मेंढ्या. जानेवारीत पाण्यातून डोकं वर काढून माणसासारखं टक लावून बघणारं ते मिशीवालं जनावर. मार्चमध्ये काय, तर इथे बांगडे पोत्याने मिळतात आणि कोणी ढुंकून बघत नाही. मला बांगड्याचं कौतुक सांगतोस? जिने वीस वर्षं बाजारात बांगडे विकून तुला आणि चंदरला वाढवलं तिला? एप्रिलमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणून पानभर. मे महिन्यात तर कहरच केलास. खाडीचा नकाशा काढून पाठवलास! कुठला खडक कुठे, कुठे खोल, कुठे चिखल, सगळं शाईने रेखून. आणि खाली लिहिलंस, की एक म्हातारा तिथे लहान होडी घेऊन शेवंड पकडतो, त्याने तुला आपली जागा ओळखायच्या खुणा न विचारताच सांगितल्या. पांढऱ्या घराचं धुरांडं चर्चच्या टोकावर आलं की पिंजरा सोडायचा. ‘ताई, इथे कोणी काही लपवत नाही,’ असंही लिहिलंस.

ते वाक्य वाचून मी पत्र चुलीत घालणार होते. चंदरने हातातून काढून घेतलं.

कारण या सहा पत्रांच्या आधी मी तुला एक प्रश्न विचारला होता. मग परत विचारला. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा विचारला, तेही रजिस्टरने. एका ओळीचा प्रश्न होता. बाबांच्या बाहेरच्या खुंटाच्या खुणा तू कुंडलिकला दिल्यास का? हो किंवा नाही, एवढंच लिहायचं होतं. तू मेंढ्या लिहिल्यास.

आता सगळं पहिल्यापासून लिहिते. तुला ठाऊक आहे, पण ठाऊक नसल्यासारखा वागतोस म्हणून लिहिते.

आपल्यात डोलीचं जाळं समुद्रात गाडलेल्या खुंटांना बांधतात. ज्याचा खुंट त्याची जागा, बापाकडून मुलाकडे. पाण्यावर काही रेघ आखलेली नसते, म्हणून किनाऱ्याकडे बघून खुणा धरायच्या. त्या खुणा कागदावर लिहायच्या नाहीत आणि घराबाहेर बोलायच्या नाहीत. आपला बाहेरचा खुंट म्हणजे आजोबांपासूनचा. पापलेट लागायचं तिथे. बाबा आजारी पडले तेव्हा तुला खाटेशी बसवून त्यांनी खुणा सांगितल्या. मी पेज घेऊन आत आले तर मला थांबवलं नाही. ‘मथुराने ऐकला तरी चालंल, ती खय जाते,’ असं म्हणाले. म्हणजे घरात त्या मलाही ठाऊक.

बाबा गेल्यावर तू चार वर्षं होडी सांभाळलीस. मग तुला जहाजाचं वेड लागलं. त्र्याऐंशीच्या दिवाळीत गेलास. जाताना धक्क्यावर चंदरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खुणा सांगितल्यास, मी बाजूला उभी होते. सतरा वर्षांचा तो, रडत होता. मला भरून आलं होतं. किती चांगला भाऊ, असं वाटलं होतं मला. मूर्ख मी.

पहिल्या वर्षी चंदरला हाताखाली माणसं नव्हती, म्हणून तो जवळच्या खुंटांवरच राहिला. गेल्या ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बाहेर गेला, आणि बाबांच्या जागेवर कुंडलिकचे खुंट! वर्षभरापासून गाडलेले. त्याचं जाळं लागलेलं. चंदर तसाच परत आला आणि होडीतून उतरताना मला म्हणाला, ‘ताय, आपला खुंट नाय.’ त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

गावचे पंच बसले. कुंडलिक उभा राहिला आणि सरळ म्हणाला, की जागा हरेश्वरनेच मला दिली, माझा मेव्हणा सीताराम जहाजावर खलाशांवरचा सारंग आहे, त्याने हरेश्वरला खलाशाच्या परवान्याची नळी काढून दिली, नोकरी दिली, त्याच्या बदल्यात. कागद नाही, साक्षीला सीताराम, आणि तोही तुझ्याच जहाजावर. कुंडलिकच्याच घरचा माणूस, त्याचं कोण धरणार? पंचांतले नाना म्हणाले, मथुराला विचारा, ती हिराजीची थोरली, ती देवीच्या पायरीला हात लावून सांगेल ते आम्ही मानू.

मी सांगितलं, बाबांच्या खुणा आमच्या घराबाहेर गेलेल्या नाहीत. कुंडलिकने तू इथे असतानाच तुझ्या होडीमागे पाळत ठेवून जागा चोरली.

पंचांनी मानलं. कुंडलिकचे खुंट उपटले आणि तो वाळीत पडला. त्याची होडी तेव्हापासून वाळूवर आहे, उन्हात फळ्या तडकल्या आहेत. तो आता भाऊच्या धक्क्यावर दुसऱ्यांच्या टोपल्या उचलतो. आणि त्याची बायको जया. बारा वर्षं बाजारात माझ्या शेजारी बसत होती, एका गोणपाटावर आम्ही दोघी, पावसात एका छत्रीत. आमच्या बायकांनी तिला उठवलं. ती आता मुतारीच्या भिंतीपाशी बसते, जिथे गिऱ्हाईक नाक दाबून निघून जातं.  मी जवळा मोजत बसले.

एवढं तुला नोव्हेंबरमध्येच कळवलं होतं. जे कळवलं नव्हतं ते आता.

मे महिन्यात कुंडलिकची आई गेली. तुला ठाऊक आहे ती कोण. तुझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती, उधाण होतं, तरीची होडी लागत नव्हती, तेव्हा याच म्हातारीने तुला बाहेर काढलं आणि पायाला धरून उलटा करून रडवलं. ती मेली आणि आपल्या वाड्यातून एक माणूस गेला नाही. दारं लोटून बसलो सगळे, आमचंही दार त्यातच. ख्रिस्तावांच्या पाड्यावरचे चौघे आले आणि त्यांनी खांदा दिला. तिरडी कशी बांधतात ते त्यांना माहीत नव्हतं. कुंडलिक रडत रडत त्यांना गाठी दाखवत होता. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं.

जूनमध्ये सीताराम आला. तू सहाव्या पत्रात लिहिलं होतंस, ‘सीताराम सारंग अचानक जहाज सोडून गेला, शेवटचे काही महिने माझ्याशी नीट बोलत नव्हता, का कोण जाणे.’ का कोण जाणे! आणि त्याच पत्रात, की सुटका व्हायची वेळ आली होती पण तू आणखी सहा महिन्यांची सही केलीस, कारण तिथे फार शांत वाटतं.

तर तो आला. भर पावसात खाडी ओलांडून, तुझं पार्सल छातीशी धरून, वर प्लास्टिक गुंडाळून. बहिणीला ज्या घराने देशोधडीला लावलं त्या घरात तो तुझा स्वेटर पोचवायला आला, हरेश्वर. मी पाणी आणलं.

‘पानी नको, बाय,’ तो म्हणाला. ‘माज्या बहिनीला गावच्या विहिरीवर पानी नाय, मी तुज्या घरचा कसा पिऊ?’

मग ओट्यावर उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. आरडाओरडा केला नाही, केला असता तर बरं झालं असतं. खुणा तू दिल्यास, त्याच्यासमोर, वर्सोव्याच्या त्याच्या घरात बसून. जहाजावर जयाचं पत्र आलं तेव्हा ते त्याने तुला वाचून दाखवलं. पंचांना एक पत्र लिही, एवढंच तो म्हणाला. तू ‘लिहितो’ म्हणालास. पाच महिने रोज ‘लिहितो’ म्हणालास. ‘आनि संध्याकाली कागद घेऊन बसायचा बाय, माना वाटायचा आज लिवतंय. बगतंय तर खाडीचा चित्र काढतोय.’

तो गेला. 

तू म्हणशील, ताई, तुला कुठे ठाऊक होतं, तुझी काय चूक. असं म्हणून सुटायची सोय मी तुलाही देणार नाही आणि मलाही घेणार नाही. हरेश्वर, मला ठाऊक होतं.

त्या दिवशी पंचांनी कुंडलिकला विचारलं, खुणा सांग. तो म्हणाला, ‘चर्चचा क्रूस तिसऱ्या मारावर आनि आयेचा दात टोकाच्या आरून सुटला की खुंट.’ कोणाच्या लक्षात आलं नाही, कोणी विचारलंही नाही. माडावर क्रूस आणि टोकाआडून सुटणारा खडक, खूण बरोबर होती. पण त्या खडकाला सगळं गाव काळा खडक म्हणतं. आयेचा दात म्हणतात फक्त आपल्या घरात, आजीच्या तोंडात एकच दात उरला होता म्हणून बाबा थट्टेने म्हणायचे. पाळत ठेवून जागा चोरता येते, हे नाव चोरता येत नाही. ते तू दिलंस तरच त्याच्याकडे जाणार. मी चंदरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

हे ऐकल्यावर मी पायरीला हात लावला. ऐकायच्या आधी नव्हे.

का, ते विचारू नकोस. जागा जाईल म्हणून. चंदरचं काय होईल म्हणून. आणि खरं सांगायचं तर, माझा भाऊ असं करील हे चारचौघांत माझ्या तोंडून निघू नये म्हणून. तुझी अब्रू राखायला मी देवीपुढे खोटं बोलले आणि तू तिकडे मेंढ्या मोजत होतास.

आता हात दुखला. जपून ठेवते, पुढचं नंतर.

शनिवार, ता. १७ ऑगस्ट

पत्र पोस्टात टाकलं नव्हतं ते बरं झालं, वेगळं तिकीट लागलं असतं.

परवा, पंधरा ऑगस्टला, शाळेचं झेंडावंदन झाल्यावर पंच बसले. पुनवेनंतर कोणी कुठे जायचं ते दरवर्षी ठरतं तसं ठरवायला. पंचांपुढे खरं बोलणार हे चंदरला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो जाळं शिवत होता. सुई थांबवून म्हणाला, ‘तू बोललीस की आपल्याकडं काय रातंय?’ मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, ‘मंग बोल. मी पन तवाच बोलाया पायजे होता.’ आणि पुन्हा शिवायला लागला. एकोणीस वर्षांचा आहे तो, हरेश्वर. तू अठ्ठावीसचा.

मी उभी राहिले. कुंडलिकला बोलावून घ्या, त्याच्यादेखत बोलायचं आहे, असं म्हटलं. वाळीत टाकलेल्याला कसं बोलवायचं यावर घटकाभर वाद झाला. शेवटी नानांनी माणूस पाठवला. कुंडलिक आला, तो मांडवाबाहेरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. मी सगळं सांगितलं. आयेचा दात, आजी, बाबांची खाट, सीताराम, सगळं. नोव्हेंबरमध्ये ऐकून सवरून खोटं बोलले, हेही.  

निकाल असा. बाहेरची जागा कुंडलिकची, कायमची. त्याच्यावरचा बहिष्कार उठला. खोट्या शपथेबद्दल आपली होडी होळीपर्यंत पाण्यात जायची नाही. मी देवळाची पायरी चढायची नाही, वर्षभर. चंदर सोमवारपासून ससून डॉकला एका ट्रॉलरवर जातो आहे, दुसऱ्याच्या हुकमाखाली. बाबांच्या मुलाने ट्रॉलरवर बर्फ फोडायचा.

तुला वाटेल, मग कुंडलिक खूश झाला असेल. नानांनी त्याला विचारलं, काही बोलायचं आहे का. तो मला म्हणाला, ‘माजी आय मेली तवा खांद्याला तुमच्यातला एक आला नाय. जागा घेऊन काय तिला परत आनू?’ आणि निघून गेला. बोलला तो मला, पण ते तुझ्यासाठीही होतं. ते ऐकायला तू इथे असायला हवा होतास. मी एकटी ऐकत होते.

काल बाजारात जया आपल्या जुन्या जागी आली. मी गोणपाट सरकवलं. ती बसली नाही. मध्ये हातभर जागा सोडून स्वतःचं वेगळं अंथरलं आणि पाठ करून बसली. दिवसभर. तिचं बरोबर आहे.

आता तुझं. तुला जागा विकायची होती तर मला सांगायचं होतंस, मी भांडले असते, रडले असते, पण पंचांपुढे खरं बोलले असते. जागा देऊनच जायचं होतं तर चंदरला त्या खुणा सांगायच्या नव्हत्यास. एकच जागा दोघांना देऊन दोघांच्या खांद्यावर हात ठेवून गेलास. जहाज तुला कुठे नेतं आहे याचं तुला काही नव्हतं, इथून गेलास म्हणजे झालं. आणि मग नशिबाने तुला अशी खाडी मिळाली, जिथे कोणी प्रश्न विचारत नाही. तिला तू शांत म्हणतोस. तिथे शांत आहे कारण ओरडणारी सगळी माणसं इथे आहेत.

मला आता त्या खाडीबद्दल एक अक्षर लिहू नकोस. तुझी आत्ताची सही डिसेंबरमध्ये संपते. येणार असशील तर बोरिवलीहून होडीत बसून उतरलास की आधी कुंडलिकच्या दारात जायचं. ताईला विचारतो, चंदरला बरोबर घेतो, असलं काही नाही. एकट्याने. त्याने तुला मारलं तर मार खायचा. दार उघडलं नाही तर बाहेर बसायचं, दिवस लागले तरी. त्यानंतर आमच्याकडे येता येईल की नाही ते मी आज सांगू शकत नाही. येणार नसशील तर तेही कळव, म्हणजे तुझी वाट बघणं बंद करू. एवढ्या दोनपैकी एक गोष्ट तरी लिहिशील का रे?

पत्र पुनवेच्या सुमारास पोचेल. दरवर्षी या दिवसांत माझ्या पाकिटात तुझी राखी असते. यंदा घातलेली नाही. राहून गेली असेल म्हणून पाकीट पुन्हा पुन्हा झाडून बघत बसू नकोस.

बाबांची मुलगी,
मथुरा